एकशे सत्तावीसपर्यंत सगळं ठीक

सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की 'कशावरून?' असं विचारणाऱ्या माणसाशेजारी मी पावणेदोन वर्षं बसले. शेजारी म्हणजे अगदी शेजारी. मधे गुडघ्याएवढी फळी, तिच्यावर त्यांचा पाण्याचा तांब्या. ऑफिसात काचेचे ग्लास होते, थंड पाण्याचं यंत्र होतं. तांब्या का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "तहान लागते म्हणून."

मी नागपूरहून आले होते. शतक उलटून पाच-सहा वर्षं झाली होती आणि पुण्यात संगणकाची पदवी असलेल्या कुणालाही बसायला खुर्ची मिळत होती. माझे आईवडील दोघंही शिक्षक. घरात पहिली इंजिनिअर मी, त्यामुळे स्वतःविषयी माझं मत बरं होतं. ते मत या गृहस्थांनी चौथ्या दिवशी उतरवलं. मी फोनवर आईला सांगत होते, "हो गं, जेवण करून राहिले." फोन ठेवल्यावर शेजारून आवाज आला, "जेवण करून आपण राहता कुठे?" आजूबाजूचे चार जण हसले. ते स्वतः हसले नाहीत. विनोद करून त्यावर न हसणं हा पुण्यात मोठेपणा समजला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते सगळ्यांना 'आपण' म्हणत. तेवीस वर्षांच्या मुलीलासुद्धा. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की चहा आणणाऱ्या मावशींना ते 'अगं' म्हणतात, आणि मावशींशीच तेवढं नीट बोलतात.

वय पन्नाशीला टेकलेलं. आधी पिंपरीकडच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. कारखान्याने माणसं कमी करायला काढली तेव्हा त्यांना घरी बसवलं. घरी न बसता त्यांनी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा पुस्तकावरून शिकून घेतली आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मॅनेजरच्या हाताखाली येऊन बसले. यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्यांनी कुणाला कौतुक करायला जागाच ठेवली नव्हती. दर दोन दिवसांनी ऐकवायचे, "अख्ख्या कारखान्याचे सुटे भाग आम्ही चौसष्ट के.बी.त बसवत होतो. आपल्याला एक फोटो बसवायला त्याच्या दसपट लागतं, आणि फोटोत आपणच असता."

वेष्टनाचा त्यांना मनस्वी राग होता. मंडईत भाजी घेताना पिशवी नाकारायचे आणि वांगी शबनममध्ये सुटी टाकून ऑफिसला आणायचे. एका सहकाऱ्याच्या लग्नात ते स्टेजवर चढले ते काखेत उघडा पोळपाट मारून. त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला आणि फोटोसाठी उभेही राहिले. सगळ्यांच्या हातात चकचकीत कागदातली खोकी, आणि अल्बममध्ये एका फोटोत शेरवानीतला नवरा पोळपाट धरून उभा. "लाटणं तुमच्याकडे असेलच," एवढं बोलून ते जेवायला गेले.

याच रागाचा धंद्यातला भाग म्हणजे डबी.

प्रोग्राम लिहिताना नावावरून वस्तू चटकन सापडावी म्हणून एक सोय असते, तिला हॅशमॅप म्हणतात. खणाखणांचं कपाट समजा. पेशंटचं नाव सांगितलं की त्याच्या खणातलं बाहेर येतं. जावाच्या या कपाटात साधा आकडा जसाच्या तसा ठेवता येत नाही. पाच ठेवायचा असेल तर तो आधी एका डबीत घालायचा आणि डबी खणात ठेवायची. पूर्वी ही डबी प्रोग्रामरला स्वतःच्या हाताने बनवावी लागे. नंतर भाषेची नवी आवृत्ती आली आणि डबी आपोआप बनू लागली. आपण पाच लिहायचा, बाकीचं ती बघते. आम्ही सगळे खूष झालो. त्यांनी मात्र सुतक पाळलं.

"पूर्वी मूर्खपणा करताना निदान हात दुखायचे," ते म्हणाले. "आता तेही नाही."

त्यांनी स्वतःचं कपाट लिहिलं होतं. त्यात आकडे सुटेच राहत, डबीबिबी काही नाही. त्याला जागाही कमी लागे आणि ते पळायचंही जोरात. मी गुपचूप चालवून बघितलं होतं, खरोखर चांगलं होतं. पण ते वापरायचं कसं, हे त्यांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं. "वाचता येत असेल त्याला कळेल," म्हणायचे. मॅनेजर त्यांना म्हणाला, "सर, जगाने बनवून दिलंय ना, ते वापरू या. तुम्ही उद्या नसलात तर हे कोण बघणार?" यावर ते म्हणाले, "मी आज आहे, तरी कोण बघतंय?" कपाट तिथेच पडून राहिलं.

दुपारच्या जेवणानंतर ते आमचे प्रोग्राम छापून घेत, शबनममध्ये घालत आणि घरी जाताना बसमध्ये पेन्सिल घेऊन वाचत. कुणी सांगितलेलं नव्हतं. आवड म्हणून. काही माणसं दुसऱ्यांच्या पत्रिका बघतात तसं. चुका ते एका लांबट वहीत टिपून ठेवत. ती वही आम्हाला कधी दाखवली नाही. कुणी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेलं, 'सर, जरा बघता का?' म्हणालं, तरच वही उघडायची. दोनदा गेलेलं माणूस तिसऱ्यांदा जात नसे. मी एकदाच गेले होते. त्यांनी माझ्या कागदावरून पेन्सिल फिरवली आणि विचारलं, "हे आपण लिहिलंय की आपल्याकडून झालंय?" त्यानंतर मी गेले नाही.

त्यांच्या घरीसुद्धा मी एकदाच गेले. ते तापाने आडवे होते आणि एका फाइलचा पासवर्ड फक्त त्यांना माहीत होता. फोनवर सांगायला त्यांनी नकार दिला. मॅनेजरने मला शनिवार पेठेत पाठवलं. दार बाईंनी उघडलं. हसऱ्या, मोकळ्या बाई. अशा माणसाच्या घरात इतकं हसू कुठून येतं, याचं मला नवल वाटलं. चहा देताना त्या म्हणाल्या, "ऑफिसात कसे वागतात हो हे? मला तर सगळं विचारावं लागतं. पुतण्याच्या मुंजीत दिवसभर नवी साडी नेसून मिरवले. संध्याकाळी घरी आल्यावर बघते तर दुकानाची चिठ्ठी पाठीवर लोंबतेय. म्हटलं, अहो, तुम्हाला दिसली नाही? तर म्हणतात कसे, सकाळीच दिसली होती."

आतल्या खोलीतून तापलेला आवाज आला. "तू विचारलं नाहीस."

"मी पाठीवर काय आहे ते विचारायचं?" बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मीही हसले. पासवर्ड गृहस्थांनी कागदावर लिहून दिला आणि माझ्याकडून वाचून घेऊन कागद परत मागितला.

आता हॉस्पिटलचं सांगते.

आमच्या कंपनीने शहरातल्या एका मध्यम हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेसाठी प्रोग्राम केला होता. रक्ताचा नमुना घेतला की त्याला नंबर पडायचा. रोज सकाळी एकपासून सुरुवात. नमुना यंत्रात गेला की यंत्र नंबरासकट निकाल पाठवायचं, आणि आमचा प्रोग्राम तो नंबर कपाटातल्या नंबरांशी ताडून निकाल त्या त्या पेशंटच्या नावावर टाकायचा. ताडून बघणारा भाग मी लिहिला होता. हे वाक्य मी इथे जितक्या सहज लिहिलं, तितक्या सहज आजवर कधी कुठे म्हटलेलं नाही.

प्रोग्राम वसंतात बसला आणि चांगला चालला. दिवसाला ऐंशी-नव्वद नमुने होत. पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ आली आणि हॉस्पिटलातून फोन आला, की रिपोर्ट गहाळ होतायत. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसले. एकही गहाळ झाला नाही. परत आले. दुपारी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातच जेवले आणि दुपारी प्रयोगशाळेत थांबले. तिथला टेक्निशियन वैतागला होता. निकाल यंत्रातून निघत होता, पण कुणाच्याच नावावर पडत नव्हता. आमचा प्रोग्राम म्हणत होता, असा नमुना नोंदलेलाच नाही. मग नमुना बदलला असेल या समजुतीने वॉर्डात पुन्हा रक्त घेत होते. त्याला आणखी पुढचा नंबर पडत होता आणि तोही गहाळ होत होता.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून उठून आली. कात्रजच्या पलीकडच्या कुठल्याशा गावची. वडिलांना घेऊन आली होती.

"ताई, तुम्ही काम्पुटरवाल्या का? सकाळधरनं तीनदा रगत घेतलं. त्यांच्यात हायेच किती रगत? रिपोर्ट कुठं हाय?"

मी म्हणाले, "बघून राहिले."

तिने माझा हात धरून मला वॉर्डाच्या दारापर्यंत नेलं. म्हातारा माणूस पलंगावर डोळे मिटून होता. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला कापसाचे बोळे, आणि भोवतीची कातडी काळीनिळी. हिरडीतून रक्त येत होतं, ते ती पदराने टिपत होती. टिपता टिपता माझ्याकडे बघत होती. मी तिथून अक्षरशः पळाले.

प्रयोगशाळेत येऊन टेक्निशियनला म्हटलं, नंबर सोडा, यंत्राच्या पडद्यावर बघून हाताने लिहा. त्या म्हाताऱ्याच्या प्लेटलेट अकरा हजार निघाल्या. टेक्निशियन कागद हातात घेऊन जिन्यावरून धावत गेला. मी ऑफिसला फोन लावला. मॅनेजर जागेवर नव्हता. शेजारच्या खुर्चीने फोन उचलला.

मी एका श्वासात सांगितलं. सकाळी चालतं, दुपारी नाही, रिपोर्ट गहाळ होतात.

"कितव्या नंबरापासून?" त्यांनी विचारलं.

मी याद्या चाळल्या. तोवर मला हे बघायचं सुचलंच नव्हतं. "एकशे सत्तावीसपर्यंत सगळं ठीक आहे. एकशे अठ्ठावीसपासून."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ओळ चारशे बारा. दोन नंबर ताडायला आपण बरोबरची दुहेरी खूण वापरली आहे. तिथे इक्वल्स लिहा."

मी मान आणि खांदा यांत फोन धरून ओळ उघडली. होती तशीच. मला एकदम सगळं कळलं. ती दुहेरी खूण दोन डब्या एकच आहेत का एवढंच बघते, डबीच्या आत डोकावत नाही; ते काम इक्वल्सचं. भाषा बनवणाऱ्यांनी एकशे सत्तावीसपर्यंतच्या डब्या आधीच बनवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे पाच दोनदा मागितला तरी तीच डबी हातात येते आणि खूण हो म्हणते. त्यापुढच्या आकड्याला दर वेळी नवी डबी. आत दोन्हींत एकशे अठ्ठावीस, पण डब्या दोन, म्हणून उत्तर नाही. आम्ही प्रोग्राम तपासला होता तो वीस पेशंट घालून.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली नाहीत. निकाल एकामागून एक नावांवर पडायला लागले. फोन अजून चालू होता.

"सर, तुमच्यासमोर माझा कोड उघडा आहे का?"

"नाही."

"मग ओळ कशी सांगितलीत?"

"वहीत आहे."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"सर," मी म्हणाले, "सांगितलं का नाही?"

त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते त्यांच्या बायकोला दिलं होतं तेच. मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती सरळ त्यांच्या खुर्चीपाशी. म्हटलं, वही दाखवा. त्यांनी दाखवली. मे महिन्याच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: '४१२. एकशे अठ्ठावीसला पडेल. बघू कधी कळतं.'

"कळलं," मी म्हणाले. "तुम्हाला मे महिन्यात कळलं, मला कळलं तेव्हा एका माणसाचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. हॉस्पिटलचा प्रोग्राम आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?" माझा आवाज चढला होता आणि सगळा मजला ऐकत होता. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कुणा वडीलधाऱ्या माणसाशी बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. चूक माझी होती, आणि तरीही ओरडायला मला दुसरं माणूस मिळालं होतं.

ते चष्मा पुसत राहिले. मग विचारलं, "त्या गृहस्थांचं नाव काय?"

मी नाव सांगितलं.

म्हाताऱ्याला प्लेटलेट चढवल्या. आठ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. मी त्या दरम्यान प्रोग्राम नीट चालतोय ना हे बघायला दोनदा गेले, तेव्हा ती बाई म्हणाली, "ताई, ते तांब्या घेऊन येणारे मामा कोण हायेत? रोज बसनं येत्यात. दाराशी उभं राहत्यात. बोलत काय न्हाईत. मी म्हटलं, बसा, तर बसत न्हाईत." मी म्हणाले, "आमच्या ऑफिसातले आहेत." ती म्हणाली, "त्यांचं बी कुणी हाय का हितं?"

मला त्याचं कौतुक वाटलं नाही, आजही वाटत नाही. दाराशी उभं राहायला काय लागतं? मे महिन्यात मान जराशी वळवून एक वाक्य बोलायचं होतं. एवढं ज्ञान आणि एवढी तीक्ष्ण नजर घेऊन हा माणूस दुसऱ्याला ठेच लागण्याची वाट बघत बसला. विद्वत्तेचा हा प्रकार मी नंतरही पुष्कळ पाहिला. प्रत्येक कंपनीत एक असतो, आणि आपण बोलत नाही म्हणजे आपण संयमी आहोत असं त्याला वाटत असतं.

म्हातारा बरा होऊन घरी गेला. त्यानंतर हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर आमच्या ऑफिसात आले. त्या बैठकीनंतर पंधरा दिवसांत गृहस्थांची नोकरी गेली. पुढे ते कुठे गेले, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

बैठकीला आम्ही चौघं होतो. डॉक्टर, मॅनेजर, ते आणि मी. टेबलावर बिस्किटं, चहा. डॉक्टरांनी मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. हॉस्पिटलात माझा संबंध खालच्या मजल्यापुरता.

मॅनेजरने आदल्या दिवशीच आम्हाला काय बोलायचं ते पढवलं होतं. त्याने सुरुवात केली, "सर, ही भाषेच्या नव्या आवृत्तीतली खोड आहे. जगभर लोक यात फसलेत."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं?"

"कुणालाच नाही, सर."

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मॅनेजरचा कप बशीवर वाजला. "सर, तुम्ही जरा..."

"मे महिन्यात मी ते वाचलं. चूक आहे हे मला कळलं. मी सांगितलं नाही." ते नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलत होते, बसचा नंबर सांगावा तसे. "नव्या आवृत्तीचा यात काही दोष नाही. तिच्या पुस्तकात हे छापलेलं आहे."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "का नाही सांगितलंत?"

"मला त्यात मोठेपणा वाटत होता."

डॉक्टरांनी स्वतःची वही पुढे ओढली. "आणि हा भाग लिहिला कुणी होता?"

"लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला होतं. आपण माझं नाव लिहा."

त्यांनी नाव सांगितलं. डॉक्टर लिहीत असताना वाकून पाहिलं आणि आडनावातली वेलांटी दुसरी आहे, हेही सांगितलं. मी त्यांच्या शेजारीच होते. बोलायला तीन शब्द पुरले असते. मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हता. तेही बघत नव्हते. मी बशीतल्या बिस्किटांकडे बघत होते. वरच्या बिस्किटाचा एक कोपरा तुटलेला होता.

डॉक्टरांनी पेन बंद केलं आणि मला विचारलं, "तुम्हीपण याच कामावर होतात का?"

"नाही सर," मी म्हणाले. "मी फक्त बैठकीचं टिपण घ्यायला आलेय."

माझ्यापुढे कागद नव्हता, हातात पेन नव्हतं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही.